तुमचा जुना बॉक्स बिघडलेला नाही

नमस्कार,

तुमची तक्रार वाचली. आम्ही नवा अँटेना आणि सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यावर हॉलमधला टीव्ही झकास चालतो, पण आतल्या खोलीतला जुना सेट-टॉप बॉक्स चौकोन-चौकोन दाखवायला लागला. शिवाय काही चॅनेल त्यावर दिसतच नाहीत. आणि फोन केल्यावर आमच्याकडून ‘बॉक्स जुना झालाय, नवा घ्या’ एवढंच ऐकवलं गेलं. ‘बॉक्स खपवायचा धंदा’ असं तुम्ही लिहिलंय. असं उत्तर मिळाल्यावर मीही तेच लिहिलं असतं.

बॉक्सच्या सिग्नल दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो जोडलात ते बरं केलंत. स्ट्रेंग्थची, म्हणजे सिग्नलच्या जोराची पट्टी ९८ वर, आणि खाली क्वालिटी, म्हणजे सिग्नलची स्वच्छता, ३० च्या आसपास. सिग्नल अपुरा असता तर दोन्ही पट्ट्या पडल्या असत्या. इथे उलट झालंय, मारा जास्त झालाय. हे जुने बॉक्स बनले तेव्हा बऱ्याच देशांत ८६२ मेगाहर्ट्‌झपर्यंत टीव्हीच असायचा, त्यामुळे त्यांचा ट्यूनर (चॅनेल पकडणारा भाग) तिथवर सताड उघडा असतो. आता त्याच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात वरच्या बाजूला मोबाइलचे टॉवर बोलतात. आमचा अ‍ॅम्प्लिफायर बिचारा भेद करत नाही, टीव्हीइतकाच टॉवरलाही मोठा करतो. नवा टीव्ही ते निभावून नेतो, जुना ट्यूनर गुदमरतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी मोबाइलचा पट्टा अडवणारा फिल्टर लावायला हवा होता. तो आमच्या माणसाने लावला नाही. चूक आमची.

गायब चॅनेलची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे माझा इलाज चालत नाही. ते चॅनेल डीव्हीबी-टी२ वर, म्हणजे अँटेनावरून डिजिटल टीव्ही पाठवायच्या नव्या पद्धतीवर गेलेत. तुमचा बॉक्स आधीच्या डीव्हीबी-टीचा. २००९ साली आलेल्या टी२ मध्ये चुका दुरुस्त करायची पद्धतच बदलली, म्हणून तेवढ्याच जागेत निदान तीस टक्के जास्त माहिती बसते. पण जुन्या चिपला ती भाषा कळत नाही. टी२ ठरवताना घरातला अँटेना आणि केबल तीच चालली पाहिजे, अशी अट होती. बॉक्सही तोच चालावा, अशी नव्हती. अँटेना कितीही उंच चढवला तरी हे चॅनेल त्या बॉक्सवर येणार नाहीत. हे काम घेतानाच सांगायला हवं होतं. बाकीचे चॅनेल मात्र त्याच बॉक्सवर पूर्वीसारखे स्वच्छ दिसलेच पाहिजेत, आणि ते दाखवणं आमचं काम.

फिल्टर घेऊन मी स्वतः येतो, त्याचे पैसे नाहीत. कदाचित अ‍ॅम्प्लिफायर काढूनच टाकावा लागेल. तसं झालं तर त्याचेही पैसे परत. तोवर अ‍ॅम्प्लिफायरवर ‘गेन’ची, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी छोटी चकती आहे ती हळूहळू कमी करून बघा. फिरवताना नजर क्वालिटीच्या पट्टीवर ठेवा. स्ट्रेंग्थ खाली आली तर येऊ द्या.