गोठ्यातून घरी आलेल्या डॉक्टरचं काय

आमच्या परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या जोरात वाद चालूय, खासगी व्हेटर्नरी कॉलेजं यावीत का, रिक्त जागा कधी भरणार, प्रमोशन कुठं अडकलं. मुद्दे सगळे खरे आहेत. मी मधेच लिहिलं की ताणाबद्दलपण बोला रे कोणीतरी, तर उत्तर आलं, "तुला काय, तू इंग्लंडमध्ये कुत्री-मांजरं बघतोस." राग नाही आला, इथं येण्याआधी मलाही असंच वाटायचं.

पण इथलं सांगतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंट, एका खोलीत नव्या पिल्लाला लस द्यायची, पोरं आनंदात, आणि लगेच शेजारच्या खोलीत चौदा वर्षांच्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं, घरच्यांना धीर द्यायचा, हात धुवायचे, पुढचा पेशंट. माणसांना एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा आहे, जनावरांना नाही, इन्शुरन्स नसेल तर ऑपरेशनचा सगळा खर्च मालकाच्या खिशातून, मग कधी कधी बरं होण्यासारखं जनावरही झोपवावं लागतं आणि वर ऐकून घ्यायचं की तुम्हाला फक्त पैसा दिसतो. त्या रात्री झोप लागत नाही.

अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2019 मध्ये अभ्यास छापला, त्यात महिला पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या 3.5 पट आणि पुरुषांमध्ये 2.1 पट निघालं. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने 2014 लाच मानसिक आरोग्यासाठी माइंड मॅटर्स नावाचा उपक्रम काढला, व्हेटलाइफ या पशुवैद्यांसाठीच्या संस्थेची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. मी स्वतः एकदा फोन केलाय, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

आपल्याकडे? एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या, आत्महत्यांच्या तक्त्यात शेतकरी, विद्यार्थी, पगारदार असे रकाने आहेत, पशुवैद्य असा रकानाच नाही. माझा मित्र मराठवाड्यात पशुधन विकास अधिकारी आहे, स्वतःचा दवाखाना आणि वर दोन ठिकाणचा अतिरिक्त चार्ज. 2022 च्या लम्पीत, म्हणजे गुरांच्या त्या साथीत, तो सकाळी लसीकरणाला जायचा, रात्री ऑनलाइन एंट्री करत बसायचा, आणि मधे कोणाची तरी दुभती गाय डोळ्यांदेखत जायची, जिच्या दुधावर ते घर चालायचं. एक मात्र आहे, गाय गेली तरी म्हातारा शेतकरी त्याला म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, तुम्ही केलं तेवढं केलं, चहा घेऊन जा." इथं दुसऱ्या दिवशी तक्रारीचा मेल येतो. तो चहा मला फार आठवतो.

पण चहाने रजा मिळत नाही ना. त्याला बहिणीच्या लग्नात दोन दिवस काढता आले नाहीत, बदली माणूसच नव्हता. म्हणून मला वाटतं ग्रुपवरचा रिक्त जागांचा वाद आणि माझा मुद्दा हे वेगळे नाहीतच, निवेदनात पगार-प्रमोशनच्या शेजारी हेही लिहा, की एका डॉक्टरकडे एकच दवाखाना आणि आठवड्यात एक रात्र तरी फोन दुसऱ्याकडे. तोवर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो नंबर ग्रुपवर पिन करून ठेवलाय. कोणी रिप्लाय दिला नाही, पण तिकडच्या वेळेने रात्री दीड वाजता एकाचा पर्सनलवर मेसेज आला, "जागा आहेस का?"