नुसती पदं वाढवून साइन अचूक येत नाही
संगणकावर साइन काढताना टेलर श्रेणीची (x − x³/३! + x⁵/५! − … अशी बेरीज) पदं वाढवत गेलं की उत्तर सुधारत जातं, असं लेखात म्हटलंय. हे लहान कोनांपुरतंच खरं. ३० रेडियन घ्या. सर्वांत मोठं पद जातं सुमारे ७८ हजार कोटींवर आणि उत्तर असतं −०.९८८! डबल प्रिसिजनमध्ये (संगणकात संख्या ६४ बिटांत साठवायची नेहमीची पद्धत) साधारण १६ अंक मिळतात. त्यातले बाराएक या बेरीज-वजाबाकीतच खर्ची पडतात. मग शंभर पदं घ्या नाहीतर हजार, चारेक दशांश स्थळांपुढे भरवसा नाही.

आधी कोन लहान करा. x या कोनाला π/२ ने भागून जवळचा पूर्णांक n घ्या, r = x − n·π/२ काढा. r हा ±π/४ च्या आत येतो. n ला ४ ने भागून उरलेली बाकी साइन की कोसाइन आणि चिन्ह कोणतं ते ठरवते. पुढे १३ व्या घातापर्यंतची मिनिमॅक्स बहुपदी (जिची सर्वांत मोठी चूक शक्य तितकी लहान ठेवलेली असते) पुरते.

खरी मेख r काढण्यात आहे. π/२ एकाच संख्येत साठवला तर n मोठा होताच r चे शेवटचे अंक चुकतात. म्हणून त्याचे दोन-तीन तुकडे करतात; वरच्या तुकड्याचे शेवटचे बिट शून्य ठेवतात, म्हणजे n शी गुणाकार तंतोतंत येतो. कोन फारच प्रचंड असेल तर हेही अपुरं, तिथे पेन-हानेक पद्धतच हवी, जी २/π चे भरपूर अंक साठवून त्यातले लागतील तेवढेच वापरते.