जांभूळ खा जी, पण गोळी सोडू नका

मिरग तोंडावर आला अन् भाचा नागपूरहून प्लास्टिकची इवलीशी डबी घेऊन आला. ब्लूबेरी. बाबांना शुगर आहे, अन् ब्लूबेरीनं शुगर उतरते असं त्यानं कुठंतरी रीलमध्ये पाहिलं होतं. बाबांनी दोन दाणे चाखले, किंमत विचारली अन् डबी तशीच परत केली. "एवढ्या पैशात धुऱ्यावरच्या जांभळाची पाटी येते बापू."

बाबांचं मला पटलं, पण अर्धंच.

२०१० मध्ये अमेरिकेत, लुइझियानात, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशा ३२ लठ्ठ माणसांवर प्रयोग झाला. ज्यांना सहा आठवडे रोज ४५ ग्रॅम सुकवलेल्या ब्लूबेरीची पूड दिली, त्यांच्यात इन्सुलिन जास्त बरं काम करू लागलं. ४५ ग्रॅम पूड म्हणजे ताजी फळं दोन कप, डबीतले चार दाणे नव्हेत. पुढं २०१९ च्या इंग्लंडमधल्या प्रयोगात ११५ जणांना सहा महिने पाहिलं. रक्तवाहिन्या सुधारल्या, इन्सुलिनचं गाडं मात्र होतं तिथंच.

जांभळाचा रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, तेच ब्लूबेरीत असते. म्हणून लगेच 'आपलं गावठीच भारी' म्हणायचा मोह होते. पण बियांच्या पुडीचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, अन् ब्राझीलमध्ये माणसांना जांभळाच्या पानांचा चहा देऊन पाहिला तर साखर हलली नाही. जांभळाच्या बाजूनं आपला अभिमान जास्त, पुरावा कमी.

हे लिहायचं कारण आमचे काका. आठवडी बाजारात एकानं बियांची पूड दिली, वर सांगितलं की शुगरची गोळी बंद करा. काकांनी केली. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना तेव्हा दवाखाना आठवला. पूड विकणारा आजही बसते तिथं. त्याच्यावर माझा राग आहे, पण काकांवर जास्त, कारण दर महिन्याला गोळ्या आणून देणारा मी होतो अन् मला सांगितलं नाही.

बाटलीतल्या रसाचंही तसंच. अमेरिकेतल्या १,८७,००० हून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी २०१३ मध्ये मांडल्या गेल्या. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांत मधुमेह कमी दिसला. फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. चावून खाल्लेलं फळ हळू पचते, रस सरळ रक्तात धावते. त्यात वरून साखर घातलेली!

अन् आम्ही पूर्व विदर्भातले, झाडीपट्टीतले लोक. सकाळी भात, रात्री भात, मधल्या वेळात तीन कप गोड चहा. कोरची-कुरखेड्याकडचं जांभूळ टोपल्या भरून नागपूरला जाते, अन् आमची पोरं पाच रुपयांचा पुडा फोडतात. बाबांचं मी एवढंच ठरवलं: गोळी वेळेवर, रात्रीचा दुसऱ्यांदा वाढलेला भात बंद, दुपारी वाटीभर जांभळं. दुसऱ्या भातावरून रोज भांडण होते, ते चालूच आहे.

उरलेल्या ब्लूबेरी माझ्या पोरीनं संपवल्या. मग आरशात जीभ पाहून आली अन् म्हणाली, "बाबा, हे जांभूळ खोटं हाय. जीभच रंगली नाही."