विनंती थांबा

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे, सहा पदरी आहे, आणि त्यावर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. ही सगळी माहिती मी मामांना नीट समजावून सांगितली. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यावर स्टँड किती?"

मामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मामींच्या भाचीचं नागपूरला लग्न होतं आणि आम्ही पुण्याहून माझ्या गाडीने निघालो होतो. मागे मामी, बायको आणि आमची दहा वर्षांची लेक. पुढे माझ्या शेजारी मामा, म्हणजे प्रत्यक्षात गाडी त्यांच्या ताब्यात. "पहिली एसटी धावली ती नगर-पुणे, १ जून १९४८. घरून निघाल्यावर तो रस्ता सोडायचा?" इथे समृद्धीचा विषय संपला.

मामांचं अंतर किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही. त्यांचा हिशेब टप्प्यांचा. सहा किलोमीटरला एक टप्पा. शिवाय घंटीची दोरी नसल्यामुळे ते डॅशबोर्डवर बोटाचं पेर आपटत. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सुपे येईपर्यंत माझा पाय त्या ठोक्यांचं ऐकायला लागला होता. लायसन्स माझं, हप्ते माझे, आणि डबल बेल मिळाल्याशिवाय मी पहिला गिअर टाकत नव्हतो!

नगरहून शेवगाव, शेवगावहून पैठण. वाटेत प्रत्येक स्टँडवर एक ठोका. मामा उतरत, कंट्रोलरच्या खिडकीशी जात, ओळख सांगत. आतला तरुण बिचारा उठून नमस्कार करी. मग कोण कुठल्या डेपोला बदलून गेला, कोण गेला, याची चौकशी. पैठणला नाथांच्या समाधीला जाऊ, जमलं तर पैठणी बघू, असं बायको म्हणत होती. समाधी झाली. पैठणीच्या वेळी मामांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "गाडी लेट आहे." ही एकच गोष्ट त्या प्रवासात माझ्या फायद्याची झाली.

पाचोड सोडल्यावर एका फाट्यावर डोक्यावर गाठोडं घेतलेल्या आजींनी हात केला. डॅशबोर्डवर एक ठोका. मी म्हटलं, "मामा, ही आपली खासगी गाडी आहे."

"विनंती थांबा आहे," मामा म्हणाले.

आजी मागे बसल्या. लेक मामींच्या मांडीवर गेली, गाठोडं लेकीच्या मांडीवर गेलं. अंबड येईपर्यंत मामींना आजींच्या तिन्ही सुनांचे स्वभाव पाठ झाले होते. उतरताना आजींनी कमरेची पिशवी सोडली. "किती झाले, भाऊ?"

"बायांना अर्धं," मामा सवयीने बोलून गेले.

मी लाजेने मान वळवून मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे पाहत बसलो. मागे सुट्ट्या पैशांवरून थोडी बोलाचाली झाली, एवढं ऐकू आलं.

जालन्यानंतर सिंदखेडराजा. जिजाऊंच्या जन्मस्थळी मात्र मामा घड्याळ विसरले. तिथून मुख्य रस्ता सोडून लोणारला वळलो, ते माझ्या हट्टाने. बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर. पाणी इतकं खारं की २०२० च्या जूनमध्ये ते चक्क गुलाबी झालं. जगातून लोक बघायला येतात. मामांनी या गावी मुक्कामी गाडी कितीतरी वेळा आणलेली. मी विचारलं, "मग सरोवर पाहिलंच असेल?"

"नाही. ते स्टँडपासून आत आहे."

काठावर उभं राहून त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं. मग म्हणाले, "चढाला गाडी गरम झाली असती."

मेहकरच्या पुढे खरा गोंधळ सुरू झाला आणि त्यात आमचा काही दोष नव्हता. महाराष्ट्रात गावं जास्त आणि नावं कमी आहेत. लेक डुलकीतून जागी झाली ती मालेगावात. "आपण नाशिकला कसे आलो?" हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, असं तिला समजावलं. मग शेलूबाजार, मग कारंजा. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, तिथे मामी उतरल्या. पुढे पुलगाव, आर्वी करत तिन्हीसांजेला एक पाटी आली: तळेगाव. बायको दचकून उठली. पुण्याच्या माणसाला तळेगाव एकच, दाभाड्यांचं. दिवसभर हाडं खिळखिळी करून आपण घराजवळ परत आलो, असं तिला वाटलं आणि ती मामांसमोर मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. हे तळेगाव श्यामजीपंत होतं. तिची जेमतेम समजूत निघते आहे तोच पुढची पाटी आली: कारंजा. हे घाडगे कारंजा. लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, हे आपण मघाशी केलंय."

रस्ता विचारावा तर तीही सोय नव्हती. नगरकडे "हे काय, इथंच" म्हणजे दोन टप्पे. वऱ्हाडात "सीधे जा न भाऊ" म्हणजे जिथे रस्ता संपतो तिथे पुन्हा विचारा. मोबाइलमधली बाई तर एकदा थेट कपाशीत वळायला सांगत होती. मामांनी तिला दोनदा "पुढे सरका" म्हणून गप्प केलं.

कोंढाळीला आलुबोंडा आणि तर्री खाऊन जीव थाऱ्यावर आला, आणि लग्नघरी पोहोचलो तेव्हा हळद होऊन पंगती उठत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून पेट्रोलच्या खर्चाचा विषय काढला. मामांनी खिशातून पेन काढलं. "मी पंचाहत्तरीच्या वर. अमृत ज्येष्ठ नागरिक, प्रवास मोफत. ही मामी, ही सूनबाई, महिला सन्मान, अर्धं. पोरगी तर दोन्हीकडून अर्धीच. तू एकटा फुल."

"आणि उरलेले पैसे?"

"सवलतीची भरपाई सरकार करतं."

"मामा, आपल्या गाडीचं सरकार कोण?"

चौघांनीही माझ्याकडे पाहिलं.