चार्ल्स हॅकली यांच्यावरील लेखाबाबत एका वाचकास उत्तर

स. न.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावचे लाकूडव्यापारी चार्ल्स हॅकली यांच्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन दिवसांत तीनदा वाचली. आपले म्हणणे असे : "हॅकलीने मिशिगनचे जंगल ओरबाडले, मजुरांना पिळले आणि म्हातारपणी मनाला टोचणी लागली म्हणून चार इमारती बांधून दिल्या, लेखकाने मात्र त्याची आरती ओवाळली आहे." शिवाय वाचनालयाचे वर्ष चुकले आहे, १८८१-८२ च्या संपाचा उल्लेख नाही आणि ती जमीन मुळात ओडावा व ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांची होती, असेही आपण नोंदवले आहे.

वर्षाबाबत आपले बरोबर आहे. हॅकली यांनी वाचनालयासाठी एक लाख डॉलरची देणगी २५ मे १८८८ रोजी जाहीर केली. वाचनालय प्रत्यक्षात उघडले ते ऑक्टोबर १८९० मध्ये. मी उद्घाटनाचेच वर्ष १८८८ लिहिले होते. ती चूक माझी असून मूळ लेखात मी ती सुधारली आहे.

परंतु चूक दाखवण्याची एक रीत असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या माणसाचा आपण शेवटपर्यंत एकेरी उल्लेख केला आहे, आणि ज्याने चार महिने खपून लेख लिहिला त्याच्या हाती थेट निरांजन दिले आहे. 'आरती' हा शब्द मला लागला, हे मी लपवत नाही. माझे वडील सव्वीस वर्षे एका लाकूड कापण्याच्या गिरणीत करवतीवर उभे होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे त्या करवतीने नेली, तेव्हा मालकाने त्यांच्या औषधपाण्याची चौकशी करण्याआधी त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा केला होता. भुशाने भरलेले त्यांचे कपडे अंगणात झटकण्याचे काम लहानपणी माझ्याकडे होते. गिरणीमालक म्हणजे काय, हे मला निदान आपण तरी शिकवू नये.

आता 'म्हातारपणी टोचणी' या शब्दांविषयी. हॅकली यांचा जन्म ३ जानेवारी १८३७ चा. देणगी जाहीर केली तेव्हा त्यांचे वय एक्कावन्न होते. याला म्हातारपण म्हणावयाचे असेल, तर मी कोणत्या वयात हे उत्तर लिहीत आहे, ते सांगणे नको. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या देणगीच्या वेळेची आहे. १८७१ च्या आगीत शिकागो जळाल्यानंतर ते शहर पुन्हा उभारण्यासाठी लाकडाची प्रचंड मागणी आली आणि मस्कीगन नदीतून वाहत येणाऱ्या पांढऱ्या पाइनच्या ओंडक्यांवर, प्रत्येकावर मालकाच्या खुणेचा ठसा मारलेल्या, चाळीसहून अधिक गिरण्या चालू लागल्या. १८८७ हे कापणीच्या उच्चांकाचे वर्ष होते : सुमारे साडेसहासष्ट कोटी बोर्ड फूट (एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). तिथून पुढे उतार होता, आणि नदीच्या वरच्या अंगाला उभी झाडे किती उरली आहेत, हे लाकूडव्यापाऱ्यांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अनेक मालकांनी यंत्रे उचलली आणि ते दुसऱ्या जंगलांकडे निघून गेले. हॅकली आणि त्यांचे भागीदार टॉमस ह्यूम (जे आयर्लंडमध्ये जन्मले होते आणि हॅकली यांच्याकडे हिशेबनीस म्हणून लागून १८८१ मध्ये भागीदार झाले) यांनीही दक्षिणेत जंगले विकत घेतली. राहिले मात्र दोघेही मस्कीगनलाच, आणि दोघांची घरे शेजारी शेजारी आजही उभी आहेत.

त्यांची स्वतःची गिरणी १८९४ मध्ये बंद पडली. १८९० मध्ये २२,७०२ असलेली गावाची लोकसंख्या १९०० पर्यंत २०,८१८ वर आली. ज्या गावात गिरणीचा भोंगा बंद झाला होता, त्या गावातील मुलांसाठी हॅकली यांनी १८९७ मध्ये हस्तव्यवसायाची शाळा उभी करून दिली, आणि पियानोसारख्या अगदी वेगळ्या वस्तूंचे कारखाने गावात यावेत म्हणून पैसा घातला. १९०४ मध्ये रुग्णालय झाले. १० फेब्रुवारी १९०५ रोजी ते वारले. त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेमुळे १९१२ मध्ये कलादालन उघडले. ज्याला फक्त मनाची टोचणी शमवायची असते, तो मृत्यूनंतरच्या चित्रखरेदीची तजवीज करून ठेवत नाही, असे माझे मत आहे. आपण या सगळ्याला 'चार इमारती' म्हटले आहे. एकोणिसाव्या वर्षी, १८५६ मध्ये, खिशात जेमतेम सात डॉलर घेऊन त्याच गावात मजूर म्हणून उतरलेल्या माणसाचे हे काम आहे, एवढे तरी लिहिताना ध्यानात घ्यायला हवे होते.

१८८१-८२ च्या संपकऱ्यांची 'दहा तास, नाहीतर भुसा नाही', म्हणजे दिवसाला दहाच तास काम, नाहीतर गिरणी बंद, ही मागणी मला माहीत आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ज्या तहाने ओडावा व ओजिब्वे लोकांची ती जमीन अमेरिकी सरकारकडे गेली, त्या १८३६ च्या तहाविषयीही माझे तेच म्हणणे आहे, आणि जंगलतोड झाली हे मी कुठेही नाकारलेले नाही.

वर्षाची चूक मी कबूल करून दुरुस्त केली. 'आरती' हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.