निकालीनगरात राहायला जाणाऱ्यांनी एवढं वाचाच

मुंबईला कंटाळून बदलापूरच्या पुढे घर बघत असाल तर थांबा. त्याहून कितीतरी जवळ एक शहर आहे आणि तिथे जायला लोकलही लागत नाही. शहराचं नाव निकालीनगर. नकाशावर सापडणार नाही, पण त्याच्या वेशीपर्यंत तुम्ही नक्की जाऊन आला आहात. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज मोबाइलवर टिंग करून येतो ना, तो तिथून येतो. तुमच्या गल्लीतला खड्डा तिथे बुजलेला असतो. तुमच्या खांबावरचा दिवा तिथे लागतो. तुमच्या गटाराचं झाकण तिथे जागच्या जागी असतं. गल्ली तीच, पिनकोड तोच, शहर मात्र निराळं.

या शहराचा शोध मला यंदाच्या जुलैत लागला. खरं म्हणजे आधी माझ्या डाव्या चपलेला लागला, मग मला. ते पुढे येईलच. तोवर, ज्यांना तिथे कायमचं राहायला जायचं आहे त्यांच्यासाठी स्वानुभवाच्या चार गोष्टी.

पहिली हवामानाची. निकालीनगरात पाऊस पडत नाही. तिथे बारा महिने डिसेंबर असतो, तोही सकाळी साडेदहाचा. हे मला कसं कळलं? तक्रार निकाली निघाली की पुरावा म्हणून तिथला फोटो येतो. माझा फोटो आला त्या दिवशी आमच्याकडे पहाटेपासून असा कोसळत होता की समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी दिसत नव्हती. फोटोत मात्र रस्ता खडखडीत, नव्याकोऱ्या झाकणावर झाडाची तिरपी सावली आणि कडेला शहाळेवाल्याची गाडी. आमच्या गल्लीत शहाळेवाला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही नव्हता. तेव्हा छत्री, रेनकोट, पावसाळी चपला वगैरे इथेच वाटून टाका. माझ्याकडे एक उजवी आहे, कोणाला हवी असल्यास.

नालेसफाई तिथे शंभर टक्क्यांना थांबत नाही. गाळ संपला तरी काढतच राहतात.

पाण्याचं सांगते. आपल्याकडे सात तलावांचं पाणी येतं हे शाळेत पाठ केलेलं असतं: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, दोन वैतरणा. विहार तर १८६०चा. वैतरणेचं पाणी शंभराच्या वर किलोमीटर चालून आमच्या गेटपर्यंत येतं आणि तिसरा मजला चढताना दमतं. निकालीनगरात दमत नाही. तिथल्या लोकांना ‘प्रेशर’ म्हटलं की फक्त डॉक्टर आठवतो.

बसस्टॉपवर ‘दोन मिनिटांत’ असं आलं की तिथे बस दोन मिनिटांत येते. डोळे भरून येऊ देऊ नका, चुकेल.

पूल एकमेकांना भेटतात. यात काय विशेष, असं वाटत असेल तर तुम्ही अंधेरीचे नाही. २०२४च्या फेब्रुवारीत गोखले पूल एका बाजूने सुरू झाला तेव्हा त्याला जुळायचा बर्फीवाला पूल जवळपास दीड मीटर खाली राहिला होता. दोन बिऱ्हाडांचं भांडण झाल्यासारखे दोघं एकमेकांकडे न बघता उभे. शेवटी जॅक लावून बर्फीवाला वर उचलला आणि जुलैत दोघांचं जमलं. निकालीनगरात असले प्रसंग येत नाहीत, कारण तिथे पूल संकल्पचित्रातच बांधतात आणि त्यावरून पांढऱ्या शर्टातली माणसं सायकल चालवतात.

फुटपाथ आहेत. पेव्हर ब्लॉकवर पाय ठेवला की खालून पिचकारी उडत नाही.

आता झाकण.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाला आणि बंद पडलेला सायबर कॅफे यांच्या मधोमध एक मॅनहोल आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यावरचं झाकण नाहीसं झालं. बिडाचं होतं आणि बिडाला भंगारात भाव आहे. किंवा रात्री पाणी तुंबलं म्हणून कोणी उघडलं आणि परत ठेवलंच नाही. कोण जाणे. इस्त्रीवाल्याने भोकात शेवग्याची फांदी खोचली, फांदीला लाल फडकं बांधलं. मुंबईकराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी महापालिकेकडे तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी टिंग. निकाली. बाल्कनीतून वाकून पाहिलं, फांदी जागेवर.

दुसऱ्यांदा तक्रार केली तर चक्क फोन आला. माणूस सौजन्याने बोलत होता, खोटं कशाला सांगू.

“मॅडम, हे झाकण पावसाच्या पाण्याच्या लाइनचं आहे की मैल्याच्या? दोघांची खाती वेगळी असतात.”

“मला कसं कळणार?”

“झाकणावर लिहिलेलं असतं मॅडम. तेवढं वाचून सांगता का?”

मला दहा सेकंद काही सुचलंच नाही. जे झाकण नाही म्हणून मी तक्रार केली, त्या झाकणावरचा मजकूर मी वाचून दाखवायचा होता. माझी आई अशा वेळी म्हणायची, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे तर आड उघडा पडला होता. मी अंदाजाने ‘पावसाचं’ म्हटलं. तक्रार मैल्याच्या खात्याकडे गेली, त्यांनी ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा मारला आणि शेरा मारला म्हणजे काम झालं, म्हणून निकाली. तिसऱ्या तक्रारीला तो शहाळेवाल्याचा फोटो आला. म्हणजे झाकण बसलं होतं, यात शंका नाही. कुठल्या तरी गल्लीत, कुठल्या तरी वर्षी बसलं होतं.

आणि मग जुलैतला तो मंगळवार. ऑफिसातून येताना गल्लीत गुडघ्याच्या खाली पाणी. कोणीतरी स्कूटर लावायला अडचण होते म्हणून फांदी उपसून भिंतीला टेकवलेली. स्कूटरला जागा हवी ना! मी रोजच्या सवयीने चालत होते. डाव्या पायाखाली जमीनच आली नाही. मांडीपर्यंत गेले. झाकणाखाली हल्ली संरक्षक जाळी बसवतात असं वाचलं होतं. मी आत डोकावून पाहिलेलं नाही, पण पाय घालून पाहिला आहे. जाळी लागली नाही. इस्त्रीवाल्याने दंडाला धरून ओढून काढलं. छत्री वाहत चहाच्या टपरीपर्यंत गेली, तिथे सापडली. चप्पल सापडली नाही. ती निकालीनगरात सुखरूप पोचली असणार.

त्या रात्री मी फोन लावला. पाय सुजलेला, आवाज चढलेला.

“मॅडम, तुमची तक्रार बंद दिसतेय.”

“अहो, पण भोक उघडं आहे!”

“भोक उघडं असेल मॅडम. तक्रार बंद आहे.”

हे वाक्य मी लिहून फ्रिजवर लावलं आहे. निकालीनगरची राज्यघटना एवढीच.

तर सल्ला असा की तिथे जाताना पायांनी जाऊ नका. कागदाने जा.

बाकी बारीकसारीक. जुने रहिवासी तुम्हाला सांगतील की पाणी तुंबणं हा निसर्गाचा कोप आहे. माना डोलवा. आपली गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तो हिशेब दुप्पट करा असं मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात लिहिलं होतं, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला तेव्हा तो अहवाल बारा वर्षांचा झाला होता, हे सगळं तिथे बोलायचं नाही. असभ्य दिसतं. भरती होती, म्हणायचं. भरती नेहमीच असते.

दरपत्रकही पाठ करून ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये ठरवून दिलं आहे: खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस गेला तर कुटुंबाला सहा लाख, जखमी झाला तर पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. न्यायालयाचे उपकारच आहेत, मी थट्टा करत नाही. थट्टा याची वाटते की जे काम झाकणाच्या पैशांत झालं असतं ते सहा लाखांपर्यंत न्यावं लागलं. माझ्या सुजलेल्या घोट्याचे किती येतील, असं नवऱ्याने विचारलं. तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

हो, आणि शेवग्याच्या त्या फांदीला पालवी फुटली आहे. शेवगा कुठेही लागतो. उद्या त्याचा फोटो काढून ‘वृक्षारोपण’ म्हणून नोंद झाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. मग ते झाड तोडून झाकण बसवायला पुन्हा वेगळी परवानगी लागेल.

खरं सांगू, इथवर लिहिताना मजा येत होती. आता येत नाही.

२९ ऑगस्ट २०१७ आठवतो? त्या दिवशीच्या पावसात एक नावाजलेले पोटविकारतज्ज्ञ गाडी पुढे जाईना म्हणून उतरले आणि चालत घराकडे निघाले. वाटेत उघडं मॅनहोल होतं. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. पुढे अटक कोणाला झाली, तर पाणी उतरावं म्हणून झाकण उघडल्याचा ठपका ठेवून तिथल्या रहिवाशांना. बाकी सगळं निकाली. डॉक्टरांच्या हातात छत्री होती, माझ्याही हातात छत्री होती. फरक एवढाच की माझ्या बाजूला इस्त्रीवाला उभा होता.

मलबार हिलच्या पोटातून दोन-दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढणारं शहर आहे हे. ते बोगदे खणणाऱ्या यंत्राला आपण कौतुकाने ‘मावळा’ नाव दिलं, त्याचा व्यास बारा मीटरहून जास्त. बारा मीटरचं भोक डोंगरातून आरपार पाडता येतं आणि दोन फुटांचं बुजवता येत नाही? येतं. सगळं येतं. झाकण बसवायला गल्लीत यावं लागतं आणि तक्रार बंद करायला खुर्चीवरून उठावं लागत नाही, एवढाच मामला आहे. ज्याने तो कोरड्या रस्त्याचा फोटो माझ्या तक्रारीला जोडला, त्याला माहीत होतं की तो खोटा आहे. भर पावसाळ्यात ऊन पडलेला फोटो निवडताना त्याचा हात थांबला नाही. चूक नव्हे ही. बेपर्वाईही नव्हे. लाज सोडलेली आहे.

आणि तुम्ही वाचून हसताय ना, तुम्हीही काही कमी नाही. फांदी उपसून स्कूटर लावणारा कोणी अधिकारी नव्हता, आमच्याच बी विंगमधला आहे, कोण ते मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे. मी पडतानाची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर आली. त्यावर अकरा हसरे चेहरे आले, ‘काळजी घ्या ताई’ असे चार मेसेज आले, तक्रार एकानेही नोंदवली नाही. एकशे बारा फ्लॅट आहेत आमच्यात. एकाच बाईने पाच वेळा केलेली तक्रार ही त्या बाईची सवय समजली जाते. पन्नास घरांतून आली असती तर खुर्ची हलली असती.

मीही धुतल्या तांदळाची नाही. दुसरी तक्रार बंद झाली तेव्हा रेकॉर्ड केलेला फोन आला होता: समाधानी असाल तर १ दाबा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या, हाताला कणीक होती. मी १ दाबला. समाधानी म्हणून माझी नोंद आहे तिथे.

पाचवी तक्रार काल रात्री टाकली आहे. टिंग अजून झालेलं नाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबते, बारा-तेरा पोरं त्याच भोकाच्या कडेने चढतात. तेव्हा तिथे मी उभी असते, पायात नव्या चपला, हातात तीच छत्री. फोटो काढायचा असेल तर या वेळी तिथे या, मीच नीट उभी राहून काढू देईन. पण येताना झाकण घेऊन या.