‘महिन्यात लटकवा’ म्हणणाऱ्यांनी नाशिकचा खटला वाचावा

“सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की महिन्याभरात लटकवा, अपिलं बंद करा,” असा लांबलचक मेसेज काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला. एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण एलएलबीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीने त्याखाली टाळ्या ठोकल्या, तेव्हा राहवेना.

म्हणे, गुन्हेगार अपील करतो म्हणून फाशी लांबते. काका, आरोपी गप्प बसला तरी सत्र न्यायालयाला फाशीचा निकाल मंजुरीसाठी हायकोर्टात पाठवावाच लागतो. पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ३६६ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४०७. त्या मंजुरीशिवाय फाशी देताच येत नाही. अपील म्हणजे ‘वकिलांचा धंदा’, हे तर सोडाच. कैद्याला तुरुंगातूनही अपील धाडता येतं आणि ऐपत नसेल तर वकील सरकारी खर्चाने मिळतो.

कसाब तुरुंगात बिर्याणी मागायचा, ही गोष्ट? ती आपणच रचली होती, असं खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली सांगून टाकलं. आणि मे २०१० मध्ये फाशी सुनावलेल्या कसाबला नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झालीसुद्धा; हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, सगळं होऊन.

आता ज्या वाक्याने डोकं फिरलं ते: “एकदा सिद्ध झालं ते तीन-तीन कोर्टांनी काय तपासायचं?”

२००३ साली नाशिकजवळ दरोडा पडला. पाच जणांचा खून, बायकांवर अत्याचार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६ साली नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातल्या फेरविचार अर्जावर खुल्या कोर्टात सुनावणी व्हायला हवी. म्हणून हे प्रकरण परत उघडलं. काय निघालं? हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंतून चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांतले नव्हतेच, आणि त्यांच्यावर खटलाही भरला गेला नाही! ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकी पाच लाख भरपाई, चुकार अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश. सहांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. काकांच्या हिशेबाने हे सगळे २००६ सालीच संपले असते, आणि ते चौघे कोण होते हे कुणी विचारलंही नसतं.

उशीर होतो, हे मान्य. लहान मुलांचं अपहरण करून खून करणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींना २००१ साली फाशी सुनावली गेली, सुप्रीम कोर्टाने ती २००६ साली कायम केली, आणि २०२२ साली हायकोर्टाने जन्मठेपेत बदलली. पण कशामुळे? कोर्टांची कामं पाच वर्षांत आटोपली होती. दयेच्या अर्जावर सात वर्षांहून जास्त काळ घालवला तो सरकारने. ती फाईल कुणाच्या टेबलावर पडून होती, हे विचारणारा मेसेज लिहा काका, तो मी स्वतः पुढे पाठवते.